डाव्या कुशीवर

२९ जानेवारी

दादा,

जे झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. नऊ जानेवारीला सकाळी सव्वानऊला बाबांच्या छातीत कळ आली. तेव्हा ते कुणाच्या तरी स्वयंपाकघरात सिंकखाली उताणे पडून वॉशर बदलत होते. वॉशर बसवून, नळ सोडून, गळत नाही याची खात्री करून मगच ते घरच्या बाईंना म्हणाले, "जरा बसतो."

२. बाईंनी त्यांना गाडीत घालून मी काम करते त्याच इस्पितळात आणलं. दहा वाजून चार मिनिटांनी. ईसीजीवरून हृदयाच्या पुढच्या भागाचा झटका आहे हे लगेच कळलं. अँजिओग्राफीत पुढची मुख्य रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद दिसली. डॉक्टरांनी मनगटातून बारीक नळी घालून गुठळी ओढून काढली, फुगा फुगवला, स्टेंट बसवला. दारातून आत आल्यापासून रक्त पुन्हा वाहू लागेपर्यंत एकाहत्तर मिनिटं.

३. तेरा तारखेला, घरी सोडायच्या आधी, हृदयाची सोनोग्राफी झाली. ती मी केली. पुढची भिंत आणि हृदयाचं टोक कमी हलत होतं. अशा सुस्त जागी रक्त साचून आतल्या आत नवी गुठळी होऊ शकते, म्हणून ती मुद्दाम शोधायची असते. ती दिसली नाही.

४. चौदाला घरी.

५. चोवीसला सकाळी बाबांच्या उजव्या हातातून कप पडला. काय झालं ते सांगायला गेले तर शब्द जुळेनात. हे अकरा मिनिटं टिकलं. मग सगळं पूर्ववत.

६. त्याच दिवशी आमच्या विभागाच्या प्रमुख बाईंनी पुन्हा सोनोग्राफी केली. हृदयाच्या टोकाशी गुठळी आहे. चौदा मिलिमीटर लांब, अकरा रुंद. तिचाच एखादा कण सुटून मेंदूपर्यंत गेला असावा.

७. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सुरू केली आहेत, पुढे गोळ्या. साधारण तीन महिने. तेवढ्यात गुठळी विरघळली तर ठीक. त्याआधी मोठा तुकडा सुटला तर पक्षाघात, किंवा त्याहून वाईट.

बाबा आता चालतात, बोलतात. तुझ्याकडून काही हवं आहे म्हणून लिहीत नाही. कळवणं भाग होतं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून जहाजदुरुस्तीच्या कारखान्याच्या पत्त्यावर पाठवते आहे. वेल्डिंग विभाग एवढंच मला माहीत आहे. पोचेल असं धरते.

तुझी बहीण


१७ फेब्रुवारी

दादा,

पत्र पोचलं असेल असं धरून पुढचं लिहिते.

बाबा घरी आहेत. रोज संध्याकाळी सहाला गोळी, आणि दर सोमवारी रक्ताची तपासणी. रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा एक आकडा येतो. तो दोन ते तीनमध्ये राहिला पाहिजे. दोनच्या खाली गेला तर गुठळी वाढू शकते, तीनच्या वर गेला तर साधं खरचटलं तरी रक्त थांबत नाही. पहिल्या सोमवारी एक पूर्णांक चार होता, दुसऱ्या सोमवारी साडेतीन, काल दोन पूर्णांक तीन. काल आकडा ऐकून बाबा म्हणाले, "पास झालो का?" मी म्हटलं, काठावर नाही, चांगल्या मार्कांनी. तर म्हणाले, "मग सांग की कुणाला तरी." कुणाला ते बोलले नाहीत.

डॉक्टरांनी त्यांना आजार समजावून सांगितला तेव्हा मी शेजारीच होते. डॉक्टर बराच वेळ बोलले, कागदावर हृदय काढून दाखवलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "म्हणजे लाइन मोकळी केलीत, पण टाकीच्या तळाला गाळ राहिला. आणि तो गाळ पाइपात उतरायला नको." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला हे शिकायला चार वर्षं लागली होती.

पालेभाजी बंद नाही, पण रोज सारखीच खायची, कमीजास्त नको, नाहीतर गोळीचा परिणाम बदलतो. बाबांनी ते फारच मनावर घेतलं आहे. पालक तराजूवर तोलतात. जास्त भरला तर दोन पानं काढून माझ्या ताटात टाकतात. दाढीचं पातं मी बंद करून मशीन आणलं. त्यावर, "या वयात मला गवत कापायचं यंत्र दिलंस," असं तीन दिवस ऐकवलं.

काम बंद आहे, पण गिऱ्हाईकं फोन करतात आणि हे खुर्चीत बसून नळ दुरुस्त करतात. "डावीकडे फिरवा. डावीकडे. अहो, तुमच्या डावीकडे! माझं डावीकडे तुम्हाला कसं दिसणार?" मग पाण्याचा आवाज, किंचाळी, आणि बाबा शांतपणे, "आता आधी मेन कॉक बंद करा." त्यांचा आवाज पूर्वीसारखा आहे. मी स्वयंपाकघरातून प्रत्येक शब्द ऐकते. जीभ कुठे अडखळते का ते बघत असते. अजून तरी नाही.

परवा मी पोस्टातून आले तेव्हा म्हणाले, "पाकीट जाड होतं का?"

"कसलं पाकीट?"

"मी कुठे काय म्हणतोय," म्हणाले आणि पेपर उलटा धरून वाचत बसले.

सही करायची तर प्रश्न पडला. मागच्या पत्रात 'तुझी बहीण' लिहिलं, ते नोटिशीसारखं झालं. म्हणून या वेळी तूच ठेवलेलं नाव लिहिते.

मोजपट्टी


५ मार्च

दादा,

तुझं कार्ड काल मिळालं. पाच आठवड्यांनी तीन वाक्यं: "क्रमांक तीनमध्ये तू काहीतरी गाळलंयस. गाळतेस तेव्हा तुझी वाक्यं आखूड होतात. काय झालं ते लिही." खाली सहीसुद्धा नाही. अक्षर मात्र तसंच आहे, उजवीकडे उतरत जाणारं.

बरोबर ओळखलंस. क्रमांक तीन पुन्हा लिहिते, आता पूर्ण.

आमच्याकडे नियम आहे, घरच्या माणसाची तपासणी आपण करायची नाही. त्या दिवशी आमच्या प्रमुख बाई सभेला गेल्या होत्या, दुसरं यंत्र बिघडलं होतं, बाहेर चौदा माणसं. बाबा चाकाच्या खुर्चीत बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझी मुलगी इथली आणि मी रांगेत?" लोक हसले. मला ते आवडलं. ते मला कामावर कधी बघायला आले नव्हते. मी त्यांना आत घेतलं.

हृदयाचं टोक खाली, डावीकडे असतं. ते नीट बघायचं तर माणसाने पूर्ण डाव्या कुशीवर वळून डावा हात डोक्याखाली घ्यायचा. मग बरगड्या फाकतात आणि हृदय छातीच्या भिंतीला टेकतं. माणूस अर्धाच वळला तर आमच्या ध्वनिलहरी टोकाला लागत नाहीत, थोडं वरून कापून जातात. फसवणूक अशी की चित्र तरीही सुंदर येतं. खालचा भाग छान गोल दिसतो. ते टोक आहे असं वाटतं. खरं टोक चित्राच्या बाहेर राहिलेलं असतं.

मी म्हटलं, "बाबा, डाव्या कुशीवर. हात डोक्याखाली."

ते अर्धे वळले. हात पोटावरच ठेवला. "एवढं चालेल का गं?"

मी म्हटलं, "चालेल."

चित्र सुंदर आलं. हृदयाच्या डाव्या कप्प्याची लांबी मी सात पूर्णांक दोन सेंटिमीटर मोजली. अकरा दिवसांनी बाईंनी मोजली ती आठ पूर्णांक सहा. अकरा दिवसांत हृदय एवढं वाढत नाही. तो जवळपास दीड सेंटिमीटर मी बघितलाच नव्हता. गुठळी त्यातच होती की नंतर झाली हे आता कुणालाही सांगता येणार नाही. पण मी अहवालात 'गुठळी नाही' असं लिहिलं, आणि त्यामुळे अकरा दिवस त्यांना ते औषध मिळालं नाही.

बाईंनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. ओरडल्या नाहीत. त्या ओरडत नाहीत, मराठीत बोलायचं सोडून गणितात बोलतात. "अनोळखी माणसाला 'वळा' म्हणून तू किती वेळा सांगतेस?"

"वळेपर्यंत."

"बापाला किती वेळा सांगितलंस?"

"एकदा."

"मग नियम कशासाठी आहे ते कळलं," म्हणाल्या आणि चहा मागवला. माझ्यासाठीसुद्धा.

आता हात वर का गेला नाही ते. हे तुला लिहायचं नाही असं बाबांनी दोन वर्षांपूर्वी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. मी ते मोडते आहे.

सात वर्षांपूर्वी टेम्पोतून पाण्याची टाकी नेताना वळणावर दोरी सुटली आणि टाकी त्यांच्या खांद्यावर आली. दोरी तू बांधली होतीस. गिऱ्हाइकासमोर ते तुला म्हणाले, "माझ्या कामाला पुन्हा हात लावू नकोस." तू लावला नाहीस, आणि चौथ्या महिन्यात गेलास. तुला वाटत असेल खांदा बरा झाला. त्यांनी सगळ्यांना तसंच सांगितलं: मुका मार आहे, जाईल. डॉक्टरला दाखवलं नाही, कारण दाखवलं असतं तर तुला कळलं असतं. तो खांदा जखडत गेला. ते शर्टाची डावी बाही आधी घालतात, वरच्या फळीवर आता काही ठेवत नाहीत, पाना उजव्या हातानेच चालवतात. सात वर्षं असं एका हाताने काम केलं. मला कळलं ते त्यांना अंगातला स्वेटर काढता येईना तेव्हा. डोक्यावर अडकलेल्या स्वेटरमधूनच म्हणाले, "त्याला सांगू नकोस. तो जन्मभर तेच उराशी धरून बसेल."

तू आता साखळी जोडशील हे मला माहीत आहे. दोरी, टाकी, खांदा, गुठळी. लहानपणापासून घरात काही फुटलं की तू आधी स्वतःच्या हातांकडे बघायचास. ही साखळी चुकीची आहे, आणि हे मी तुझी समजूत घालायला लिहीत नाही. जखडलेल्या खांद्याची माणसं माझ्यासमोर रोज येतात. मी पाठीला उशी लावते, हात खालून धरते, थोडं दुखेल म्हणून सांगते आणि वळवते. त्यांना दुखतं, मी काम करते. बाबांना मी वळवलं नाही, कारण त्यांना दुखताना मला बघायचं नव्हतं. एवढंच कारण. चूक माझी आहे. विभागाच्या नोंदवहीत ती माझ्या सहीने लिहिली आहे. तिच्यात मी तुला वाटा देणार नाही.

हे सगळं मी बाबांनाही सांगितलं. ते म्हणाले, "तुझी कसली चूक, हात मीच वर केला नाही." म्हणजे आता तिघांचा एकाच चुकीवर दावा आहे.

मोजपट्टी


२३ मार्च

दादा,

शुक्रवारी पुन्हा सोनोग्राफी झाली. आकडा पाच आठवडे दोन आणि तीनच्या आत आहे, म्हणून गुठळी लहान झालेली दिसायला हवी होती. दिसली का? सांगता येत नाही.

जानेवारीत बाबा घाबरले होते, म्हणून बाईंच्या एका शब्दावर पूर्ण वळले. नंतर दहा दिवस त्यांना हात हलवता येत नव्हता, तेही आम्हाला सांगितलं नाही. आता खांदा आणखी आखडला आहे. शुक्रवारी दोन मिनिटांत त्यांच्या कपाळावर घाम आला. हात वर तोलून धरायला मदतनीस बोलावला. माणूस चांगला आहे, पण परक्याने धरलं की बाबा अंग चोरतात, श्वास रोखतात, आणि चित्र थरथरतं. बाईंना कधी नऊ मिलिमीटर दिसलं, कधी काहीच नाही. अहवालात त्यांनी लिहिलं, "निष्कर्ष काढण्याजोगं चित्र नाही." मी लिहायला हवं होतं ते वाक्य.

औषध टोचून मोठ्या यंत्रात बघण्याची दुसरी तपासणी असते. बाबांच्या मूत्रपिंडांचे आकडे बघून डॉक्टर ती टाळताहेत. म्हणून पंचवीस एप्रिलला, तीन महिने पुरे होतात तेव्हा, पुन्हा हीच. गुठळी गेली असेल तर गोळी बंद होईल. असेल आणि लोंबकळत असेल तर शस्त्रक्रियेचं बोलावं लागेल, म्हणजे छाती उघडून. ज्या हृदयाचा पुढचा भाग आधीच दमलेला आहे त्याची. गेली नसताना गेली असं समजून गोळी थांबवली, तर जानेवारीतला कप पुन्हा पडेल, आणि त्या वेळी अकरा मिनिटांवर भागणार नाही.

पाच तारखेच्या पत्राला तुझं उत्तर नाही. खांद्याबद्दल लिहायला नको होतं का? मी खूप वेळा विचार केला. मला अजूनही वाटतं, लिहायला हवं होतं. पण तुला कसं वाटलं असेल हे मला मोजता येत नाही.

मोजपट्टी


७ एप्रिल

दादा,

काल संध्याकाळी गोळी देताना मी बाबांना म्हटलं, पंचवीसला वीस मिनिटं कुशीवर राहावं लागेल, आतापासून थोडा सराव करू. पलंगावर उशा रचल्या. हात मी धरला. चार मिनिटांत माझाच हात कापायला लागला.

बाबा म्हणाले, "तुझं जाऊ दे. तू बारीक कामाची. आणि तुमचा तो मदतनीस मला पोत्यासारखा धरतो."

"मग कोण धरणार?"

मी उशा काढायला लागले. मग भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "तो पाइप धरायचा. मी वर आटे देत बसायचो, अर्धा-अर्धा तास, आणि तो खाली उभा. एकदाही 'झालं का' विचारलं नाही त्याने. वजन अंगावर घ्यायचा आणि हलायचा नाही. ते शिकवून येत नाही."

मी उशा कपाटात ठेवल्या.

"जहाजं जोडतो ना आता?"

"दुरुस्त करतो. वेल्डिंग."

"मग हात स्थिर असेल."

"लिहू का त्याला?"

"मी कुठे काय म्हणतोय."

"बाबा, मी विचारते आहे."

त्यांना उठून बसायला वेळ लागला. उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. म्हणाले, "मी त्याला एकदा काहीतरी बोललो होतो."

"मला माहीत आहे."

"तुला कसं माहीत? तू नव्हतीस तिथे."

"त्याने सांगितलं. जायच्या आदल्या दिवशी."

"शब्द न् शब्द?"

"हो."

ते हाताकडे बघत होते. मग म्हणाले, "ते चुकलं. लिही त्याला. म्हणावं, ये."

हे जसंच्या तसं देते आहे. मी त्यात काही घातलेलं नाही.

आता माझं. मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं की तुझ्याकडून काही नको. ते खरं नव्हतं. तेव्हाही मला तू यायला हवा होतास. कप पडला त्या सकाळी बाबा माझ्याकडे बघून काहीतरी सांगू बघत होते आणि मी घड्याळ लावून मिनिटं मोजत होते, कारण डॉक्टर विचारतात. अकरा मिनिटं मी त्यांचा हातसुद्धा धरला नाही. त्या वेळी खोलीत दुसरं कुणीतरी हवं होतं, जो मोजत बसला नसता. तू खरोखर काही करू शकला असतास असं नाही. नुसता असतास तरी चाललं असतं.

कामाचं लिहिते. तपासणी पंचवीस एप्रिलला, शनिवारी सकाळी दहाला. यंत्रावर बाई असतील, मी नाही. तू पलंगावर त्यांच्या पाठीमागे बसायचंस, तुझी छाती त्यांच्या पाठीला टेकलेली, म्हणजे ते मागे कलंडणार नाहीत. त्यांचा डावा हात कोपराखालून आणि मनगटाखालून तोलायचा. ओढायचा नाही, त्यांना जमेल तेवढाच वर. बाई श्वास सोडायला सांगतील, तेव्हा तूही सोड, म्हणजे त्यांना लय मिळेल. दुखलं तर ते बोलणार नाहीत. तुला हातांना कळेल. आदल्या दिवशी आलास तर घरी एकदा करून बघू. खोली तशीच आहे. पलंगावर माझी पुस्तकं आहेत, ती हलवीन.

नाही जमलं तर मदतनीस असेल, बाई त्यांच्याकडून होईल ते सगळं करतील, आणि मी तुला निकाल कळवीन. राग धरणार नाही. बाबांना काय सांगायचं ते बघीन.

मदतनिसांच्या पाळ्यांचा तक्ता एकोणीसला लागतो, आणि त्या वीस मिनिटांसाठी कुणाचं तरी नाव मला त्यात लिहावं लागेल. म्हणून अठरा एप्रिल, शनिवारपर्यंत, येतोस की नाही ते कळव. कार्ड चालेल, फोन चालेल. एक शब्द असला तरी चालेल.

मोजपट्टी